काळोखाचं सामान

आमच्या घरात पावसाळ्याच्या बेगमीचे दोन भाग असत. एक उन्हाचं सामान, दुसरं काळोखाचं. हे शब्द माझ्या बायकोचे. बेगमीला आमच्याकडे पुरुमेंत म्हणतात. पोर्तुगीज जाताना मागे ठेवून गेले त्यांतला हा एक शब्द, आणि मे महिना लागला की डिचोलीच्या बाजारात तो सगळ्यांच्या तोंडी असतो. मिरच्या, कोकमाची सोलं, चिंच, सुंगटं म्हणजे सुकी कोळंबी, उडदाचे पापड, हे सगळं उन्हाचं. अंगणात चटया अंथरून कडकडीत वाळवायचं आणि मग डब्यांत, बरण्यांत भरायचं. काळोखाच्या सामानात मात्र एकच जिन्नस होता. बटाटे.

गेल्या पावसाळ्यात बायको गेली. त्यानंतरचा हा पहिला मे. काल बाजारात गेलो तेव्हा बटाट्यांच्या दुकानापुढे पाय थांबले. आम्हाला वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या दुकानदाराने गोणीकडे हात केला आणि मग तो हात तसाच खाली घेतला. मी भाजीपुरते बटाटे घेऊन परत आलो. मुलगी पणजीला असते. ती फोनवर म्हणाली, "फ्रिजमध्ये टाका हो बाबा, एका माणसाला लागतात कितीसे." मी बरं म्हणालो. फ्रिजमध्ये ठेवलेला बटाटा गोडसर होतो आणि तळला की काळा पडतो, हे तिला माहीत आहे आणि मलाही. या घरात वाढलेल्या माणसाला ते माहीत नसणं शक्यच नाही.

बटाटे आमच्याकडे पिकत नाहीत. ते बेळगावहून चोर्ल्याच्या घाटातून येतात. पावसात घाटात दरड कोसळली की भाजीचे ट्रक वरच अडकून पडतात. समुद्रावरची मासेमारी बंद असते, मग श्रावण, मागोमाग चतुर्थी. त्या सगळ्या दिवसांत घर बटाट्यावर चालतं. सकाळी पदेराने, म्हणजे पाववाल्याने, आणून दिलेल्या उंडे पावांबरोबर पातळ भाजी, दुपारी काचऱ्या, कोणी अचानक आलं तर सुकी भाजी. म्हणून जूनच्या आधी आणलेले बटाटे चतुर्थीपर्यंत टिकले पाहिजेत, असा तिचा आग्रह असे, आणि ते टिकत.

ती कोरगावची. माहेरी काजूची बाग आणि थोडी भातशेती. बटाट्याशी त्या घराचा काही संबंध नव्हता; तरी हे सगळं ती कुठून शिकली कोण जाणे. बाजारात ती प्रत्येक बटाट्यावर अंगठा घासून बघायची. साल सरकली तर तो कोवळा, पावसाळा काढणार नाही. दुकानदार वैतागायचा.

"वहिनी, सगळ्यांची सालां हंयच काडून व्हरतल्यात काय?"

"सालां तुका ठेवतां," ती म्हणायची. "तूं सोललेले विकूंक बस."

घरी आणल्यावर ते धुवायचे नाहीत. अंगावरची माती तशीच राहू द्यायची. मागच्या ओसरीत, सावलीला, गोणपाटावर थोडे दिवस मोकळे पसरायचे. "त्यांका दम खावंदी," ती म्हणे. प्रवासाने शिणलेल्या पाहुण्यांबद्दल बोलावं तसं. मार लागलेले, खरचटलेले वेगळे काढून ते आधी संपवायचे. उरलेले आतल्या खोलीत, मोठ्या खाटेखाली. तिथे सुकी वाळू पसरलेली असे, वाळूवर निगडीचा पाला, म्हणजे किडा येत नाही, आणि पाल्यावर बटाट्यांचा एकच थर. वरून गोणपाट, पण दाबून नाही, वारा फिरेल असं. त्या खोलीची एकुलती खिडकी उत्तरेला आहे. तिच्यावरही तिने जाड पडदा लावला होता. कांदे मात्र स्वयंपाकघरात, वेण्या विणून आढ्याला टांगलेले. दोघांना एका खोलीत ठेवायचं नाही.

"कित्याक?" मी एकदा विचारलं होतं.

"कुसतत दोघेय. जावा-जावांसारखे. वेगळी चूल बरी."

मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो. घरभर माझी पुस्तकं. त्या आतल्या खोलीच्या तीन भिंतींना पुस्तकांची कपाटं आहेत, आणि मधोमध ही खाट. म्हणजे वर मी वाचत पडलेलो आणि खाली बटाटे. आठवड्यातून कधीतरी ती यायची, गुडघ्यांवर बसायची आणि खाटेखाली हात घालायची. दिवा लावू द्यायची नाही. उजेड लागला की बटाटे जागे होतात, असं तिचं म्हणणं. आणि जागा झालेला बटाटा एक तर हिरवा पडतो नाहीतर कोंब काढतो. मी वाचायचा दिवा लावला की तो कपाटाकडे वळवायची. काळोखात तिचा हात एकेका बटाट्यावरून फिरायचा, त्याला कुशीवर वळवायचा. पण बिघडलेला बटाटा शोधायला तिला हातही लागत नसे. खोलीच्या दारातच ती थांबायची, मान जराशी वर करायची आणि म्हणायची, "एक आसा." मग हात बरोबर त्याच्याच दिशेने जायचा. मला तोपर्यंत काहीच कळलेलं नसे. कुजक्या बटाट्याचा वास किती भयंकर असतो हे मला लग्नानंतर बरीच वर्षं ठाऊक नव्हतं, कारण आमच्या घरात तो वास कधी पसरलाच नाही.

तो पसरला त्या वर्षाची ही गोष्ट.

पाऊस चांगला लागला होता. मुलगी रविवारची आली आणि दारातच थबकली. "काहीतरी मेलंय घरात," म्हणाली. मलाही दोन-चार दिवस काहीतरी जाणवत होतं, पण मी ते ओल्या भिंतींवर ढकललं होतं. आम्ही दोघांनी कपाटांमागे उंदीर शोधायला सुरुवात केली. पुस्तकं खाली काढली. बायको दारात उभी राहून आमची गंमत बघत होती.

"माका काय वास येना," ती म्हणाली. "तुमच्या पुस्तकांचोच असतलो. वाळवी लागली तरी तुमका कळना, आनी आज नाक बरां चललां."

आम्ही हसलो. मुलगी म्हणाली, बाबांच्या नाकाला पेन्शन मिळाल्यावर सवड झाली. मग तिनेच वाकून खाटेखाली पाहिलं. कोपऱ्यातले बटाटे बसले होते. सालीच तेवढ्या आकार धरून होत्या, आतलं पाणी होऊन वाळूत झिरपत होतं. मुलीने नाकाला ओढणी लावली आणि ते सुपात भरायला घेतले.

बायको पुढे आली. सुपातला एक बटाटा तिने उचलून हातात धरला. नाकाजवळ नेला. पुन्हा एकदा नेला. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "ह्याका वास आसा?"

वर्गात एखादा मुलगा अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारतो, तसं विचारलं. मी म्हणालो, "आसा थोडो." ती हात धुवायला गेली आणि तिथूनच म्हणाली, "थंडी जाली असतली माका." तिला सर्दी झालेली नव्हती.

त्यानंतर बऱ्याच काळाने, देवळातून घरी यायचा रस्ता ती चुकू लागली तेव्हा, आम्ही तिला पणजीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बरंच काही विचारलं आणि शेवटी, सहज विचारावं तसं, वास यायचा कधीपासून बंद झाला म्हणून विचारलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. कधी कधी तो सगळ्यांच्या आधी जातो, डॉक्टर म्हणाले, बाकीचं मागून जातं. मी त्या आजारावर मिळेल ते वाचलं. वाचून एवढंच समजलं की पुढे काय काय जाणार आणि साधारण कोणत्या क्रमाने.

तसंच झालं. आधी डाळीत मीठ दोनदा पडू लागलं. मग माणसांची नावं गेली. कोरगावला तिच्या माहेरी नेलं तर वाटेत ती म्हणाली, "ह्यां आमचां न्हय." मोप्याला विमानतळ झाल्यापासून तो रस्ता माझ्याही ओळखीचा राहिला नव्हता, म्हणून मी तिचं ते बोलणं मनावर घेतलं नाही. मी त्या दिवसांत असाच एकेक गोष्टीला कारण शोधत होतो. मला एकच हवं होतं. बाकी सगळं जाऊ दे, तिने मला ओळखावं. सकाळी चहा घेऊन गेलो की मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचो, आणि तिने "अहो" म्हटलं की तो दिवस निभावला असं वाटायचं.

एका मे महिन्यात, अंगणात सोलं वाळत घातली होती. शेजारच्या बाईने तिला हाताशी धरून ती करवून घेतली होती. रतांबे फोडायचं काम तिचे हात अजून सफाईने करत. दुपारी मी बाहेर आलो तर सोलांच्या शेजारी, दुसऱ्या चटईवर, उन्हात बटाटे मांडलेले. एकेक सुटा, ओळीने, मधे बोटभर जागा सोडून. पुरुमेंत म्हणजे उन्हात घालायचं, एवढं तिच्यात शिल्लक राहिलं होतं. त्यातलं एक सामान उन्हाचं नाही, हे गेलं होतं.

मी बटाटे गोळा करून आत नेले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उन्हात. मी पुन्हा आत नेले. शेवटी तिच्यासमोर बसून मी समजावलं. उन्हाने बटाटा हिरवा होतो, हिरवा झाला की कडू होतो, पोटाला बाधतो. मास्तरकीची सगळी वर्षं पणाला लावून समजावलं. तिने शहाण्या मुलीसारखं ऐकून घेतलं.

"काळोखात घुसमटतत ते," ती म्हणाली. "कोण आसा त्यांका थंय?"

त्या दिवसांत तिला स्वतःलाच अंधाराची भीती वाटू लागली होती. संध्याकाळ झाली की घरातले सगळे दिवे लावून ठेवावे लागत.

मग मी वाद घालायचा सोडला. बटाटे हिरवे होत. तिचं लक्ष नसताना मी ते परसातल्या खड्ड्यात टाकत असे आणि बाजारातून दुसरे आणत असे. खाण्यासाठी नव्हे. तिला मांडायला काहीतरी हवं म्हणून. खाटेखालची वाळू तशीच होती, तिच्यावर काही नव्हतं. त्या खोलीत मी वाचायला बसायचो, पण पानं पुढे सरकत नसत.

आता ज्या दुपारबद्दल लिहायचं होतं तिच्याकडे येतो. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली ती दुपार. रविवार होता, मुलगी आलेली, स्वयंपाकघरात काहीतरी करत होती. बायको बाल्कांवात बसली होती, म्हणजे दारापुढे समोरासमोर दगडी बाकं असतात त्यांतल्या एका सोप्यावर. समोर पायऱ्यांच्या खाली उन्हात बटाटे. मी बाजारातून आलो, पायऱ्या चढलो. ती मला बघून उठली, पदर नीट केला.

"बसा," म्हणाली. "उन्हातसून आयल्यात."

तिने मला असं कधी बसा म्हटलेलं नव्हतं. मी समोरच्या सोप्यावर बसलो. तिच्या तोंडावर अनोळखी माणसासाठी असते ती अदब होती. मला वाटलं, दोन शब्द बोललो की परत येईल. मी तिच्या नावाने हाक मारली नाही. धीर झाला नाही.

"खंयच्यान आयल्यात?"

"बाजारातसून."

"पाणी दिवंक सांगू?"

"नको."

तिने खाली चटईवरच्या बटाट्यांकडे हात केला. मग ती म्हणाली, "बेळगावचे आसत. व्हरा थोडे. घरात कोण आसा तुमच्या?"

"बायको," मी म्हणालो.

"मगे व्हरा."

मी आणलेली कापडी पिशवी तिने माझ्याच हातातून घेतली, पायऱ्या उतरली आणि चटईपाशी बसून बटाटे निवडू लागली. एकेकावर अंगठा घासून बघत होती. हिरवे झालेले तिने बाजूला सारले. त्या हातांकडे बघताना मला क्षणभर वाटलं की काही गेलेलं नाही. पिशवी भरून ती वर आली आणि ती तिने माझ्यापुढे धरली.

"बायकोक सांगा, धुवूं नको म्हणान. आनी कांद्यालागी ठेवूं नको. उन्हात तर नकोच. काळोखात ठेव म्हणा, चतुर्थीमेरेन टिकतत."

पायऱ्यांखाली बाकीचे बटाटे उन्हात तापत पडले होते. मी म्हणालो, "सांगतां."

"तिका म्हायत असतलां?"

"आसा. तिच्याइतकां कोणाकच म्हायत नाय."

"मगे माका कित्याक बोलयल्यात," ती म्हणाली आणि हसली. खूप दिवसांनी हसली. "खंयची ती?"

"कोरगावची."

"अरे, आमचीच मगे." तिचा चेहरा उजळला. ती माझ्याजवळ, त्याच सोप्यावर येऊन बसली. "कशी आसा दिसाक?"

मी सांगितलं. जमेल तेवढं सांगितलं. ती दुकानदाराशी कशी भांडते, माझा वाचायचा दिवा कशी कपाटाकडे वळवते, दारात उभी राहून घरातलं काय बिघडलंय ते कसं ओळखते. मुलगी लहान असताना तापाने फणफणली होती तेव्हा पावसातून तिला उचलून दवाखान्यात चालत कशी गेली. ती मान हलवत ऐकत होती. मधेच "भली आसा," म्हणाली. मी थांबलो तेव्हा तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"बरी आसा मां ती?"

"बरी आसा," मी म्हणालो.

इतक्यात वळणावरून बसचा हॉर्न ऐकू आला. आमच्या घरासमोरच स्टॉप आहे. ती लगबगीने उठली. "तुमची बस. उठा, चुकतली. बायको वाट बघित असतली." तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि मला पायऱ्यांपर्यंत पोचवलं.

मी रस्ता ओलांडून स्टॉपवर उभा राहिलो. बस निघून गेली की परत फिरावं असा विचार होता. पण ती खांबाला धरून उभी होती, मी चढतो की नाही ते बघत. बस थांबली. कंडक्टर माझ्या हाताखालून गेलेला मुलगा. "सर, बटाटे घेवन खंय? म्हापशां?" त्याने विचारलं.

"फुडल्या स्टॉपार."

"फुडल्या स्टॉपार चलत गेल्यार आमच्या आदी पावतल्यात."

"बेल मार," मी म्हणालो.

बस सुटली. मागच्या काचेतून दिसलं, तिने हात वर केला होता.

पुढच्या स्टॉपवर मी उतरलो आणि पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेने परत निघालो. खाणीचा ट्रक गेला, लाल धूळ उडाली, मी उभा राहिलो, पुन्हा चालू लागलो. समोरून गेलो असतो तर तिला दिसलो असतो. म्हणून शेजाऱ्यांच्या परसातून मागच्या दाराने घरात शिरलो. मुलगी चुलीपाशी होती.

"खंय गेल्लात? आणि हे काय?"

"बटाटे."

तिने पिशवीकडे पाहिलं. "आई सांगत होती, कोणीतरी आलं होतं. मी म्हटलं उगाच काहीतरी. म्हणाली, भलो मनीस. बायको बरी आसा म्हणालो, पूण ती बरी नाय. तोंडार दिसता त्याच्या. आणि म्हणाली, चाय दिवची आशिल्ली त्याका, तशीच ऱ्हवली..."

बोलता बोलता ती थांबली. हातातला डाव तिने ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता चहाचं आधण चढवलं. चहा झाल्यावर तिने दोन कप भरून माझ्यापुढे सरकवले. मी ते हातांत घेतले आणि तिथेच उभा राहिलो. पुढच्या दाराने बाहेर जावं, की पुन्हा परसातून वळसा घालून रस्त्याने यावं, ते मला ठरवता येईना.